पहिल्या पारंपरिक हॉट रॉडसाठी जुनं इंजिन कसं निवडावं

हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी हलकी आणि वेगवान करून बांधलेली; तिला बहुतेक वेळा बॉनेट नसतं. असलं तरी त्याच्या बाजूचे पत्रे काढून ठेवलेले असतात. त्यामुळे गाडी कुठेही उभी केली की लोक रंग किंवा सीट बघण्याआधी इंजिनाकडे वळतात. त्यातला एखादा जुना जाणकार हेडवरचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणावरचे, बोल्ट मोजतो, कार्ब्युरेटरवरचे आकडे वाचतो आणि तुम्ही काही सांगण्याआधीच ओळखतो की ही गाडी कोणत्या सालची धरून बांधली आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या आणि पहिली गाडी बांधायला निघालेल्या मराठी मित्रांना मी नेहमी एकच गोष्ट सांगतो. हॉर्सपॉवरपासून सुरुवात करू नका. आधी साल ठरवा, मग त्या सालात बसणारं इंजिन शोधा, मग त्याचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला मुख्य ओतीव भाग, तपासा. ताकदीचा विचार सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की पैसे जातात, त्याहून वाईट म्हणजे उत्साह जातो आणि अर्धवट गाडी ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं पडून राहते.

पायरी १: इंजिनाआधी साल

पारंपरिक हॉट रॉड म्हणजे साधारण १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ज्या पद्धतीने आणि ज्या सुट्या भागांनी गाड्या बांधल्या जात, त्याच पद्धतीने आज बांधलेली गाडी. हिचं मूळ दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तलावांत आहे. म्युरॉक, एल मिराज ही टणक मातीची, मैलोन्‌मैल सपाट मैदानं. तिथे १९३० च्या दशकात तरुण मुलं जुन्या फोर्ड रोडस्टरचे मडगार्ड, दिवे, काचा उतरवून, वजन कमी करून वेळ लावून गाड्या पळवत. या शर्यतींना शिस्त यावी म्हणून १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन उभी राहिली. दुसरं महायुद्ध संपल्यावर मुलं परत आली आणि १९४९ मध्ये बॉनेव्हिलच्या मिठाच्या मैदानावर पहिला स्पीड वीक भरला. या पंचवीस-तीस वर्षांत इंजिनं झपाट्याने बदलली. म्हणून ‘जुनं इंजिन’ एवढं म्हणून भागत नाही.

ढोबळ हिशेब असा धरा. युद्धाआधीची गाडी बांधायची असेल तर चार सिलिंडरचं फोर्ड किंवा सुरुवातीचं व्ही-८ फ्लॅटहेड (आठ सिलिंडरचं, सपाट हेडचं फोर्ड इंजिन; पायरी ३ मध्ये नीट ओळख येते). १९४६ ते १९५२-५३ च्या धर्तीची असेल तर फ्लॅटहेडच, पण नंतरच्या पिढीतलं. पन्नाशीच्या मध्याची असेल तर ओल्ड्समोबील, कॅडिलॅक, क्रायस्लर, ब्युइक. त्यानंतरची असेल तर शेव्हरोले.

नियम सोपा आहे: गाडीत ठरवलेल्या सालापेक्षा जुना भाग चालतो, नवा चालत नाही. १९४८ ची म्हणून बांधलेल्या गाडीत १९५७ चं इंजिन बसवलं की ते डोळ्यांत खुपतं. जनरेटरच्या जागी अल्टरनेटर दिसला तरी तेच होतं. ज्या सालातल्या गाड्यांचे फोटो बघताना तुमचं मन रमतं तेच साल घ्या. पुढची काही वर्षं त्याच सालाच्या सुट्या भागांमागे धावायचं आहे, तेव्हा इथे दुसऱ्याच्या आवडीवर जाऊ नका.

पायरी २: गाडीची जागा मोजा

हे काम अर्ध्या तासाचं आहे, तरी बहुतेक जण टाळतात. फायरवॉलपासून (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यापासून) रेडिएटरच्या पाठीपर्यंतचं अंतर घ्या. दोन्ही चॅसी रेलमधली रुंदी घ्या. डावीकडे स्टिअरिंग बॉक्स आणि दांडा कुठून जातो ते कागदावर काढा, कारण डाव्या बाजूचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नेमका तिथेच येतो. पुढचा आडवा क्रॉसमेंबर कुठे आहे आणि इंजिनाचं ऑइल पॅन पुढून खोल आहे की मागून, हेही बघा.

डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्रत्येक स्पार्क प्लगला वीज वाटणाऱ्या भागाची, जागा विसरू नका. फोर्ड फ्लॅटहेडचा डिस्ट्रिब्युटर पुढे असतो, म्हणून ते इंजिन फायरवॉलला अगदी चिकटून बसतं. शेव्हरोले स्मॉल ब्लॉकचा आणि ओल्ड्सचा मागे असतो. तिथे हात घालायला जागा राहिली नाही तर पुढे प्रत्येक ट्यूनिंगला त्रास होतो, नाहीतर फायरवॉल कापावी लागते. १९३२ च्या फोर्डची मूळ फायरवॉल कापणं मला पटत नाही. तो पत्रा एकदा गेला की गेला.

वजनही इथेच बघायचं. जुन्या फोर्डच्या पुढच्या ॲक्सलवर पाट्यांची एकच आडवी स्प्रिंग असते आणि ती फ्लॅटहेडच्या वजनासाठी बनवलेली आहे. क्रायस्लरचं हेमी नावाचं मोठं व्ही-८ सातशे पौंडांच्या आसपास जातं. ते बसवायचं तर स्प्रिंग, ब्रेक, इंजिन माउंट आणि कदाचित चॅसीही मजबूत करावी लागेल. अंथरूण पाहून पाय पसरावे असं आपल्याकडे म्हणतात. इथे अंथरूण म्हणजे चॅसी.

पायरी ३: इंजिनांची ओळख करून घ्या

फोर्ड फ्लॅटहेड व्ही-८

फ्लॅटहेड म्हणजे ज्याचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी असतात असं इंजिन. हेड म्हणजे नुसतं सपाट झाकण. आपल्याकडच्या सुरुवातीच्या विलिस जीपचं इंजिन याच जातीचं, फक्त चार सिलिंडरचं. ज्यांनी ते उघडलेलं पाहिलं आहे त्यांना फ्लॅटहेड लगेच कळेल.

१९३२ मध्ये फोर्डने पूर्ण व्ही-८ ब्लॉक एकाच ओतकामात काढला आणि सामान्य माणसाला परवडणाऱ्या गाडीत बसवला. २२१ घन इंच, म्हणजे साधारण ३.६ लिटर, आणि ६५ हॉर्सपॉवर. आजच्या नजरेला आकडा लहान दिसतो, पण त्या काळात स्वस्त गाडीत आठ सिलिंडर मिळणं हीच मोठी गोष्ट होती. १९३९ मध्ये फोर्डच्याच मर्क्युरी गाडीबरोबर २३९ घन इंचाचं इंजिन आलं आणि १९४६ पासून फोर्डलाही तेच मिळालं, १०० हॉर्सपॉवरचं. १९४९ ते १९५३ च्या मर्क्युरीत क्रँकचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास, पावणेचार इंचांवरून चार इंच झाला आणि इंजिन २५५ घन इंचांचं झालं. ‘मर्क क्रँक’ हा शब्द स्वॅप मीटमध्ये (जुन्या सुट्या भागांच्या बाजारात) कानावर पडेल तो यासाठीच. तो क्रँक फोर्डच्या ब्लॉकमध्ये घालून, सिलिंडर ३-५/१६ इंच व्यासाचे बोअर केले की २७६ घन इंच होतात. जुन्या मंडळींचा हा आवडता आकडा.

ओळखायचं कसं? हेड धरून ठेवणारे स्टड मोजा. एका हेडवर २१ असतील तर ते सुरुवातीचं, २४ असतील तर १९३८ नंतरच्या पिढीचं. १७ असतील तर ते १३६ घन इंचाचं, ६० हॉर्सपॉवरचं छोटं इंजिन. दिसायला गोड, पण पहिल्या गाडीसाठी घेऊ नका. २४ स्टड असतील तर मग पाण्याचा होज हेडला कुठे जोडतो ते बघा. हेडच्या मधोमध असेल तर इंजिन १९४८ पर्यंतचं, पुढच्या टोकाला असेल तर १९४९ ते १९५३ चं. या नंतरच्या फोर्ड इंजिनाला ८बीए म्हणतात. त्याचा डिस्ट्रिब्युटर उजवीकडे पुढे उभा असतो आणि बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं क्लचचं घर) ब्लॉकपासून सुटं होतं. १९४६-४८ च्या ब्लॉकला ५९एबी म्हणतात. त्यात बेलहाउसिंगचा वरचा भाग ब्लॉकबरोबरच ओतलेला असतो आणि बहुधा त्यावर ५९ हा आकडा उठून दिसतो.

सुरुवातीच्या इंजिनांतल्या बेअरिंग ओतीव बॅबिटच्या असतात. वितळवलेला मऊ धातू ओतून, मग तासून त्या बनवाव्या लागतात, आणि हे काम नीट करणारे कारागीर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १९३६ च्या सुमारास बदलता येणाऱ्या बेअरिंग आल्या. नवख्या माणसाने त्यानंतरचंच इंजिन घ्यावं असं माझं ठाम मत आहे.

आता फ्लॅटहेडचा स्वभाव. ते तापतं. कारण त्याच्या रचनेतच आहे. एक्झॉस्टचा गरम वायू ब्लॉकमधून, पाण्याच्या जॅकेटच्या पोटातून बाहेर जातो आणि मधल्या दोन सिलिंडरना मिळून एकच एक्झॉस्ट पोर्ट आहे. म्हणजे एका बाजूच्या चार सिलिंडरना तीनच वाटा. त्यातच ओतकामाच्या वेळची वाळू आणि सत्तर-ऐंशी वर्षांचा गंज जॅकेटमध्ये साचलेला असतो. तो पूर्ण साफ केला, दोन्ही वॉटर पंप चांगले घातले आणि रेडिएटर नीट असला तर फ्लॅटहेड उन्हाळ्यातही चालतं. ‘फ्लॅटहेड म्हणजे तापणारच’ म्हणून सोडून देणारी माणसं बहुतेक वेळा घाणेरडा ब्लॉक घेऊन बसलेली असतात.

आणि त्याचा आवाज. तीन पोर्टमुळे एक्झॉस्टला एक जाड, थोडा अडखळता सूर येतो, तो दुसऱ्या कुठल्याही व्ही-८ ला नाही. मी एकदा पहाटे एका गॅरेजमध्ये थंड फ्लॅटहेड सुरू होताना ऐकलं आणि त्या दिवशी माझं साल ठरलं.

कार्ब्युरेटरबद्दल एवढंच: स्ट्रॉमबर्ग ९७ हे नाव तुम्ही शंभर वेळा ऐकाल. ९७ हा आकडा त्याच्या आतल्या अरुंद गळ्याचा आहे, ०.९७ इंच. सुरुवातीला दोनच लावा. तीन किंवा चार बघायला छान दिसतात, पण त्यांचं समायोजन शिकण्यात पूर्ण उन्हाळा जातो. एडेलब्रॉक, ऑफेनहाउझर यांच्या नावाची ॲल्युमिनियम हेडही हातची राखून ठेवा. ती नंतर कधीही बसवता येतात.

वर व्हॉल्व्ह असलेली पहिली व्ही-८

१९४९ मध्ये जनरल मोटर्सने दोन इंजिनं आणली आणि फ्लॅटहेडचे दिवस भरत आले. ओल्ड्समोबीलचं रॉकेट ३०३ घन इंचांचं, १३५ हॉर्सपॉवरचं. कॅडिलॅकचं ३३१ घन इंचांचं, १६० हॉर्सपॉवरचं. त्याच वर्षी फोर्डचं फ्लॅटहेड १०० वर होतं. फ्लॅटहेडवर भरपूर पैसा आणि मेहनत ओतून जे मिळवायचं ते ही इंजिनं कारखान्यातूनच घेऊन येत होती. क्रँकला तीनऐवजी पाच मेन बेअरिंग होत्या, त्यामुळे खालचा भाग दणकट.

ओल्ड्स पुढे ३२४, ३७१ आणि ३९४ घन इंचांपर्यंत वाढलं. पहिल्यांदा वर-व्हॉल्व्हचं इंजिन घेणाऱ्याला मी ३०३ किंवा ३२४ सुचवतो. शेव्हरोलेइतकं सगळीकडे दिसत नाही, हेमीइतकं महाग नाही.

क्रायस्लरचं हेमी १९५१ मध्ये आलं: ३३१ घन इंच, १८० हॉर्सपॉवर. नंतर १९५६ मध्ये ३५४ आणि १९५७-५८ मध्ये ३९२. याची ओळख लांबूनही पटते. व्हॉल्व्ह कव्हर रुंद असतात आणि स्पार्क प्लगच्या वायरी त्या कव्हरच्या मधोमध आत शिरतात. दिसायला याच्या तोडीचं दुसरं इंजिन नाही, हे मी मनापासून सांगतो. पण इथेच घोडं पेंड खातं. डिसोटोचं हेमी १९५२ चं, डॉजचं १९५३ चं, आणि या तिन्ही घराण्यांचे भाग एकमेकांना जवळपास लागत नाहीत. जाहिरातीत नुसतं ‘जुनं हेमी’ लिहिलेलं असतं. तुम्ही क्रायस्लरचं समजून डॉजचं २४१ घेऊन येता आणि मग त्याचे पिस्टन शोधत बसता. शिवाय सुरुवातीच्या वर्षांतल्या क्रायस्लर ब्लॉकला बेलहाउसिंग मागे लांब ओतलेलं असतं, त्याला गिअरबॉक्स जोडणं हे वेगळंच काम. हेमी दुसऱ्या गाडीसाठी ठेवा.

ब्युइकचं नेलहेड १९५३ मध्ये ३२२ घन इंचांपासून सुरू झालं आणि १९६६ पर्यंत चाललं. वाटेत ३६४, ४०१ आणि ४२५. व्हॉल्व्ह बारीक आणि उभे, खिळ्यासारखे, म्हणून हे नाव. इंजिन रुंदीला कमी असल्यामुळे जुन्या फोर्डच्या चॅसीत छान मावतं. त्याचं वैशिष्ट्य टॉर्क. ४०१ च्या एअर क्लीनरवर ‘वाइल्डकॅट ४४५’ लिहिलेलं असतं. नवखे लोक तो आकडा घन इंचांचा समजतात. तो टॉर्कचा आहे, ४४५ पौंड-फूट. ड्रॅग रेसर टॉमी आयव्होने आपल्या १९२५ च्या फोर्ड टी मध्ये नेलहेड घातलं आणि ते इंजिन हॉट रॉडवाल्यांच्या मनात कायमचं बसलं.

शेव्हरोले स्मॉल ब्लॉक

१९५५ साली शेव्हरोलेचे मुख्य अभियंते एड कोल यांच्या देखरेखीखाली हे इंजिन आलं: २६५ घन इंच, हलकं, आटोपशीर. १९५७ मध्ये २८३ आणि १९६२ मध्ये ३२७. भाग कुठेही मिळतात, कुठलंही मशीन शॉप डोळे मिटून बांधून देतं, तापत नाही. ‘बेली-बटण’ इंजिन म्हणून काही शुद्धतावादी नाक मुरडतात, म्हणजे सगळ्यांकडे असतं म्हणून. मला ते पटत नाही. १९५७ ची म्हणून बांधलेल्या गाडीत जुन्या लिपीतली व्हॉल्व्ह कव्हर घातलेलं २८३ हे अगदी खरं, त्या काळातलं काम आहे.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. १९५५ च्या २६५ ब्लॉकमध्ये ऑइल फिल्टरची जागाच नाही. ती १९५६ पासून आली. आणि १९५८ च्या आधीच्या ब्लॉकना बाजूला माउंट बसवायची सोय नसते, इंजिन पुढून टेकवावं लागतं. जुन्या फोर्डच्या चॅसीत पुढची टेकण सोयीचीच पडते, पण विकत घेण्याआधी माहीत हवं. ब्लॉकवरचा ओतकामाचा नंबर मागच्या बाजूला, जिथे बेलहाउसिंग बसतं त्या कडेवर ड्रायव्हरच्या बाजूला असतो. टॉर्च आणि तारेचा ब्रश घेऊन जा, तो वाचा आणि मगच २८३ की ३५० यावर विश्वास ठेवा. ३५० हे १९६७ चं, बाहेरून तसंच दिसतं आणि २८३ म्हणून विकलं जातं.

बाकीची

चार सिलिंडरचं फोर्ड मॉडेल ए, १९२८-३१, दोनशे घन इंच आणि ४० हॉर्सपॉवर. त्याच्यावर रायली किंवा क्रॅगरचं वर-व्हॉल्व्हचं हेड चढवलेलं दिसलं तर थांबून बघा, ती युद्धाआधीची खरी करामत. पण बॅबिटचा प्रश्न इथेही आहे. फोर्डचं १९५४ पासूनचं वाय-ब्लॉक स्वस्तात मिळतं आणि मजबूत आहे, फक्त वरच्या रॉकर शाफ्टपर्यंत तेल पोचत नाही ही त्याची जुनी तक्रार. घेतलं तर ती वाट आधी मोकळी करा. शेव्हरोलेचं सहा सिलिंडरचं २३५ आणि जीएमसीचं ३०२ यांच्यावर प्रेम करणारा एक शांत वर्ग आहे. लांबीला जास्त असल्यामुळे जागा परत मोजा. शेव्हरोलेचं जुनं २१६ सोडून द्या, त्यात तेल दाबाने नाही, उडवून पोचवलं जातं.

पायरी ४: ब्लॉक तपासा

हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे रेंगाळतो.

माझं पहिलं फ्लॅटहेड मी हेड न उघडता घेतलं. विकणाऱ्याने सांगितलं, चालत्या ट्रकमधून काढलंय. ते खरंही असेल. घरी आणून हेड उतरवली तेव्हा दोन सिलिंडरमध्ये एक्झॉस्टच्या व्हॉल्व्ह सीटपासून सिलिंडरच्या भिंतीपर्यंत तडा गेलेला होता. बाकी सगळं, क्रँक, कॅम, मॅनिफोल्ड, उत्तम. ब्लॉक मात्र सिलिंडरमध्ये स्लीव्ह (नवी नळी) घातल्याशिवाय निरुपयोगी. मी क्रँक ठेवला आणि दुसरा ब्लॉक शोधायला लागलो. त्यात जवळजवळ वर्ष गेलं.

तेव्हा हेड काढायला परवानगी मागा. प्रामाणिक विक्रेता नाही म्हणत नाही, फार तर गॅस्केटचे पैसे घेतो. गंजलेले स्टड ओढाताण करून तोडू नका. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवायला सांगा.

हेड निघालं की फ्लॅटहेडमध्ये या जागा बघायच्या. व्हॉल्व्ह सीट आणि सिलिंडर यांच्यामधली अरुंद पट्टी. स्टडचं भोक आणि त्याच्या शेजारचं पाण्याचं भोक यांच्यामधली पट्टी. या दुसऱ्या जागी बारीक भेग खूप ब्लॉकमध्ये असते आणि पिना मारून दुरुस्त होते, तिला घाबरू नका. पहिल्या जागेची भेग सिलिंडरमध्ये उतरली असेल तर मोठा खर्च. तिसरी जागा बाहेरून, ऑइल पॅनच्या कडेच्या वरच्या बाजूला. हिवाळ्यात पाणी गोठून ब्लॉक फुटतो तो तिथे. तिथे जुनं वेल्डिंग किंवा रंगाचा जाड थर दिसला तर खरवडून बघा.

कुठल्याही इंजिनात मेन बेअरिंगच्या टोप्या मूळच्याच आहेत का ते तपासा. त्या ब्लॉकबरोबरच एकत्र बोअर केलेल्या असतात. दुसऱ्या ब्लॉकच्या टोप्या तिथे नुसत्या बोल्ट करून चालत नाहीत. पट्टीने बोअर आणि पिस्टनचा प्रवास मोजा. हेड उघडं असताना पिस्टन वरून खाली चार इंच उतरला तर तुमच्या समोर मर्क क्रँक आहे, पावणेचार उतरला तर फोर्डचा. विकणारा काय म्हणतो त्यापेक्षा पट्टी काय म्हणते ते धरा.

इंजिन जाम असलं म्हणून लगेच नाकारू नका. सिलिंडरमध्ये तेल ओतून काही आठवडे भिजत ठेवलं तर पुष्कळ इंजिनं सुटतात. पण जाम इंजिनाची किंमत फक्त ब्लॉक आणि क्रँकची धरा, चालू इंजिनाची नाही.

चालू इंजिन मिळत असेल तर ते थंड असतानाच पोचा. आधीच गरम करून ठेवलेल्या इंजिनाने पुष्कळ गोष्टी लपतात. डिपस्टिकवरचं तेल दुधाळ चहासारखं दिसतंय का, रेडिएटरमधल्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे का, गरम झाल्यावर तेलाचा दाब किती उतरतो ते बघा. कॉम्प्रेशन गेज घेऊन जा. आठही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असणं हे आकडा मोठा असण्यापेक्षा महत्त्वाचं. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवत असतील तर गॅस्केट गेलंय किंवा मधे भेग आहे.

शेवटचा निर्णय मशीन शॉपचा. ब्लॉक गरम द्रावणात धुऊन, मग मॅग्नाफ्लक्स तपासणी. लोखंडाच्या बारीक भुकटीने आणि चुंबकाने डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा उमटतात. बोअर मोठा करायचा असेल तर सिलिंडरच्या भिंतींची जाडी ध्वनिलहरींनी मोजून घ्या. फ्लॅटहेड ३-३/८ इंचांपर्यंत नेणारे आहेत, पण भिंत पातळ झाली की इंजिन तापतं. विकत घेण्याआधी शक्य असेल तर विक्रेत्याशी बोली करा की तपासणीत ब्लॉक फुटका निघाला तर परत घ्यायचा. तोंडी नको, कागदावर.

पायरी ५: इंजिनाच्या मागे काय आहे

पहिल्यांदा बांधणारे इथे हमखास फसतात. इंजिनाची किंमत ठरवताना बेलहाउसिंग, फ्लायव्हील, क्लच, स्टार्टर, माउंट सगळं धरा. जुन्या ओल्ड्स किंवा कॅडिलॅकचं मूळ बेलहाउसिंग नसेल तर ॲडॅप्टर घ्यावा लागतो आणि त्याचा खर्च इंजिनाच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो. म्हणून संपूर्ण इंजिन, गिअरबॉक्ससकट, हे सुट्या भागांपेक्षा जवळजवळ नेहमी स्वस्त पडतं. जाहिरातीत महाग दिसलं तरी.

१९३९ च्या फोर्डचा तीन गिअरचा गिअरबॉक्स फ्लॅटहेडमागे अप्रतिम आहे. हेमीच्या किंवा नेलहेडच्या टॉर्कपुढे त्याचे दात टिकत नाहीत. मागे फोर्डचा जुना बँजो ॲक्सल असेल तर तीच गोष्ट. १९४८ पर्यंतच्या फोर्डमध्ये ड्राइव्हशाफ्ट बंद नळीतून जातो, त्यामुळे इंजिन बदललं की मागचं सगळं बदलण्याची वेळ येऊ शकते. तुमच्या गाडीखाली मूळ गिअरबॉक्स आणि ॲक्सल चांगल्या स्थितीत असेल तर फ्लॅटहेड हा सगळ्यात कमी कटकटीचा पर्याय. पुष्कळांचा निर्णय खरं तर याच मुद्द्यावर व्हायला हवा.

विजेचाही हिशेब इथेच करा. जुनी फोर्ड सहा व्होल्टची, पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चॅसीला जोडलेली. १९५६ मध्ये फोर्ड बारा व्होल्टवर गेली, शेव्हरोले १९५५ मध्ये. गाडी एका पद्धतीची आणि स्टार्टर दुसऱ्या पद्धतीचा असं करू नका.

पायरी ६: मी काय घेईन

पहिली गाडी, मूळ फोर्ड गिअरबॉक्स, शनिवार-रविवारचं काम: ८बीए किंवा ५९एबी, पूर्ण, तपासलेला ब्लॉक, दोन ९७. बाकी काही नको.

पहिली गाडी, पण रोज किंवा लांब चालवायची: २८३. कुठल्याही गावात गॅस्केट मिळेल.

थोडा अनुभव आहे, वेगळेपण हवं: ओल्ड्स ३२४, किंवा चॅसी अरुंद असेल तर नेलहेड.

कायद्याकडेही एकदा बघून ठेवा. राज्याराज्याचे नियम वेगळे. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग (धुराच्या) तपासणीतून सूट आहे, पण नवी बनवलेली बॉडी किंवा चॅसी असेल तर नोंदणी वेगळ्या पद्धतीने होते. भारतात ही गाडी बांधण्याचा बेत असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचा. नोंदणीतल्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं आहे.

इंजिन घरी आलं त्या दिवशी

स्टँडवर चढवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक होज, वायर, लीव्हर कुठे जातो ते दिसलं पाहिजे. सुटे बोल्ट पिशव्यांत घालून त्यावर जागेचं नाव लिहा. पाणी पूर्ण काढा. ब्लॉकच्या तळाचे ड्रेन प्लग उघडून तार घाला, कारण गाळाने ते बुजलेले असतात आणि पाणी निघाल्यासारखं वाटलं तरी आत राहतं. जुनं तेल काढून पांढऱ्या कपड्यावर ओता आणि उन्हात धरा. त्यात चमचमणारे कण दिसले तर बेअरिंग गेल्या. स्पार्क प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल घाला आणि भोकं परत बंद करा. मॅनिफोल्डच्या तोंडावर कापड नको, ठोकलेला पत्रा किंवा घट्ट टेप लावा. कापड आत पडतं आणि उंदरांना आवडतं.

बांधून झाल्यावर नव्या कॅमचं इंजिन पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा जास्त झिंक असलेलं ब्रेक-इन ऑइल वापरा, आयडलवर गुरगुरत ठेवू नका, लगेच दोन हजार आरपीएमच्या आसपास न्या आणि वीस मिनिटं तिथेच ठेवा. कॅम आणि टॅपेट एकमेकांना बसतात ते याच वीस मिनिटांत. त्या वेळी हाताशी पाण्याचा पाइप, आग विझवायचं यंत्र आणि तेलाच्या दाबाकडे डोळे लावून बसणारा एक मित्र असू द्या.